अक्का, ते फुटत नाही

अक्का,

तुझा फोन अजून माझ्याकडेच आहे. शर्टाच्या खिशात असतो. थरथरला की हातातलं काम सोडतो. काढून बघतो तर कुठल्यातरी साड्यांच्या सेलची जाहिरात. रेखा रोज म्हणते, "अहो, तो बंद करून ठेवा आता." बंद करायला हात धजत नाही. चालू ठेवायलाही नाही.

नांदगावच्या शाळेतली तुझी जुनी मुलं तुझ्यावर छोटीशी पुस्तिका काढताहेत. मुलं म्हणजे आता केस पांढरे झालेली माणसं. त्यातला एक जण मला म्हणाला, "काका, बाईंचा जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं व्यवस्थित लिहा." ते त्यांनीच लिहावं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला तुला जे सांगायचं आहे ते तू वर खोलीत असतीस तर जिना चढून सांगितलं असतं. म्हणजे चढलो असतो, अर्ध्यातून परत आलो असतो, आणि तू वरून ओरडली असतीस, "दिल्या, काय आहे ते बोल. जिना झिजेल."

तर बोलतो. तू गेल्यावर मी काही दिवस तुझ्या नावानं जगलो. तुझा फोन घेऊन, तुझ्या भाचीशी. आणि ज्या एका गोष्टीची आयुष्यभर तुला मजा वाटायची, तिच्यामुळेच पकडला गेलो.

तुझं ते फळ्याच्या कोपऱ्यातलं विधान. शाळेत रोज सकाळी तू उजव्या कोपऱ्यात एक वाक्य लिहायचीस, आणि ते खोटं असायचं. 'ज्या संख्येच्या शेवटी तीन, ती मूळ संख्या.' मुलांनी ते फोडायचं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "तेहतीस, बाई!" आणि तू डस्टर मारायचीस. "फुटलं! खोटं कितीही ऐटीत उभं असू द्या, एका उदाहरणात आडवं होतं." हे मी तुझ्या मुलांकडूनच इतक्यांदा ऐकलं आहे की मला वाटतं मीही त्या वर्गात होतो. घरात तर तू कुणालाच सोडलं नाहीस. एकदा पुरणपोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "विधान. सगळ्या नवऱ्यांना चहा करता येतो." रेखानं मान वर न करता लाटणं माझ्याकडे केलं. "फुटलं."

मला दिलेलं विधान मात्र वेगळं होतं. आईचं ऑपरेशन होतं. नाशिकच्या दवाखान्यात आपण दोघं बाहेर बाकावर बसलो होतो, वडील आत-बाहेर करत होते. मी सातवीत. माझे दात वाजत होते, उन्हाळा असून. तू पर्समधून खडू काढलास. तेव्हा तू नुकतीच शिकवायला लागली होतीस, खडू तुझ्याकडे कायम असायचा. फरशीवर लिहिलंस: कोणत्याही चार सलग संख्या घ्या, त्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. उत्तर नेहमी पूर्ण वर्ग येतं.

"घे. आईला बाहेर आणेपर्यंत फोडून दाखव."

एक, दोन, तीन, चार. चोवीस आणि एक पंचवीस. पाचाचा वर्ग. मी म्हटलं, हे नशिबानं आलं असेल. दोन, तीन, चार, पाच. एकशे एकवीस. अकराचा वर्ग. मी खाली बसलो आणि फरशी भरत गेलो. सात, आठ, नऊ, दहापर्यंत पोचलो. तुझ्याकडे मान वर करून म्हटलं, "अक्का, पाच हजार एक्केचाळीस कशाचा वर्ग?" तू म्हणालीस, "तू शोध." मी एकाहत्तरवर पोचलो तेव्हा स्ट्रेचर बाहेर आलं होतं आणि आई डोळे उघडून बघत होती.

ते फुटलं नाही ते नाहीच. पुढे मी सोडून दिलं. पण तू सोडलं नाहीस. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर, सगळे वंदना घेत असताना तू वाकून माझ्या कानात विचारलंस, "दिल्या, फुटलं का रे?" पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा विचारलंस. माझी संघमित्रा, आपली मित्रा, जन्मली तेव्हा विचारलंस. मी दर वेळी एकच सांगायचो, "फोडीन गं. घाई काय आहे?" मित्रानं कितीदा विचारलं, "आत्या, बाबांचं कुठलं आहे ते?" तू म्हणायचीस, "ते दिल्याचं आहे. त्याला फोडू दे. तू मधे पडू नको."

मला कधी शंकाच आली नाही. तू द्यायचीस ते खोटंच असायचं ना.

संघमित्रा इंजिनिअरिंगला गेली आणि ह्या कॉम्प्युटरच्या स्पर्धांच्या मागे लागली, तेव्हा आपल्या कुणालाच काही कळेना. तूही रिटायर होऊन आमच्या वरच्या खोलीत राहायला आली होतीस. जेवायच्या टेबलावर तिनं आपल्याला समजावून दिलं होतं. एखादी मोठी टेक्नॉलॉजी कंपनी जगभरातल्या पोरांना एकाच वेळी गणितासारखी कोडी देते. उत्तर नुसतं सांगायचं नाही. कोडं सोडवणारा प्रोग्राम लिहायचा. मग कंपनीचा कॉम्प्युटर त्या प्रोग्रामला आडवेतिडवे प्रश्न विचारतो. हजार बरोबर आले आणि एक चुकला, तर सगळा प्रोग्राम बाद. आणि ह्या स्पर्धेत शेवटचा थोडा वेळ असा असतो की तुम्ही दुसऱ्याचा प्रोग्राम वाचायचा आणि तो कुठे चुकेल असा एकच आकडा शोधून द्यायचा. सापडला की त्याचे गुण गेले, तुमचे वाढले.

तू वाटी खाली ठेवलीस. "म्हणजे फोडायचं?"

"फोडायचं, आत्या."

"अगं मग हे आपलंच की! त्यांनी कुठून घेतलं?"

त्या दिवसापासून दर फेरीच्या आधी तिचा तो रिवाज. वर जायची, दारातूनच विचारायची, "आत्या, आज काय फोडायचं?" तू विधान द्यायचीस, ती जिना उतरता उतरता फोडायची, आणि मग लॅपटॉपसमोर बसायची. दुसऱ्यांचे प्रोग्राम फोडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही असं तिच्या कॉलेजातली मुलं म्हणतात. ते तुझं आहे.

आणि माझं काय होतं? भीती. एका फेरीत ती पार मागे पडली आणि चादर डोक्यावर घेऊन रडली, तेव्हा मी म्हटलं, बास झालं, हे बंद करा. त्यावरून आपलं भांडण झालं ते आठवतं? तू म्हणालीस, "रडू दे. पोरगी काचेची नाहीये." मी म्हटलं, "तुला पोर नाही, तुला काय कळणार." ते बोलायला नको होतं. तू दुखावल्याचं दाखवलं नाहीस. उलट म्हणालीस, "दिल्या, तुझ्या भीतीला स्वतःचे पाय नाहीत. तू तिला कडेवर घेऊन हिंडतोस म्हणून ती सगळीकडे पोचते." मग दोन दिवस तू खाली जेवायला आली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात ताट घेऊन बसलीस. ते भांडण आपण मिटवलं नाही. नुसतं झाकून ठेवलं.

मग ती फायनलला निवडली गेली. सिंगापूरला, कंपनीच्याच ऑफिसात. सगळी कॉलनी पेढे खात होती आणि मी विमान पडण्याच्या बातम्या बघत होतो. तू गेटपर्यंत आलीस, तिच्या बॅगेला हात लावलास. "जा. फोडून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा चहा घेऊन वर गेली. कप पडल्याचा आवाज मी खालून ऐकला. तू खुर्चीतच होतीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं असावं, त्रास झाला नसेल. हे ते सगळ्यांनाच सांगतात की काय, मला माहीत नाही. मला तेवढंच धरून ठेवायला मिळालं.

"मित्राला फोन लावा," रेखा म्हणाली.

मी लावायला घेतला, अक्का. तिचं नाव स्क्रीनवर होतं. अंगठा त्याच्यावर टेकवायचा तेवढं बाकी होतं. पलीकडून ती "हां, बाबा" म्हणेल आणि मग मला ते वाक्य म्हणावं लागेल. मला त्या "हां, बाबा"ची भीती वाटली. मी फोन खिशात ठेवला आणि म्हणालो, "फायनल झाल्यावर सांगू. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"अहो, तिला चेहरा तरी दाखवा. व्हिडिओ कॉल लावा, दोन मिनिटं."

"तिकडे एकटी आहे ती. कोसळेल."

"आणि नंतर नाही कोसळणार?"

 तोवर माणसं जमायला लागली होती, आणि जो तो माझंच बरोबर म्हणत होता. एवढी मोठी स्पर्धा, पोरीचं मन विचलित नको. एका म्हाताऱ्या काकांनी तर माझ्या पाठीवर हात ठेवला. "बाप असावा तर असा. काळजावर दगड ठेवला." मी मान खाली घातली.  कारण दगडबिगड काही नव्हता. मी फोन करायला घाबरलो होतो, एवढंच.

एक खोटं सांभाळायला किती जागी पळावं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. घोटीहून रेखाचा भाऊ पोपट निघाला तो निघतानाच तुझा फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' स्टेटसला ठेवून. मित्रा त्याचं स्टेटस रोज बघते. मी ओरडलोच फोनवर.

"काढ ते! आत्ताच्या आत्ता!"

"दाजी, लय वाईट झालं हो. अक्काचं स्टेटस नाय ठेवायचं तर कुनाचं ठेवायचं?"

"पोपट, मित्राला माहीत नाही अजून."

तिकडे गाडी थांबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दाजी, हे काय बरं नाय केलं." पण काढलं. किती जणांनी पाहिलं होतं तेही त्यानं मला मोजून सांगितलं, आणि त्यात मित्राचं नाव नव्हतं, तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसलो.

मग कॉलनीतली पोरं. द्वारकेच्या चौकात त्यांना तुझा फ्लेक्स लावायचा होता. मजकूर तयार, फोटो निवडलेला. मी नको म्हटलं. "काका, अक्कांचा फ्लेक्स नाही लागला तर कॉलनीचं नाक काय राहील?" मी म्हटलं, कुणीतरी फोटो काढून टाकेल, मित्रापर्यंत जाईल. नाराज होऊन गेली. तुला फ्लेक्स आवडला नसता, हे मला माहीत आहे. पण आवडला नसता म्हणून नाही लागला, असं मला म्हणता येत नाही.

दुपारी मित्राचा मला फोन आला. आपली हॉटेलची खोली, खिडकीतून दिसणाऱ्या इमारती, नाश्त्याला काय काय होतं, भराभरा सांगत होती. मी ओसरीच्या मागे उभा होतो, पुढे तू होतीस. "आत्याला द्या ना." मी म्हणालो, "घसा बसलाय तिचा. बोलायला मनाई केलीय डॉक्टरांनी. तू मेसेज कर." कसं सुचलं कोण जाणे. इतकं सहज आलं की मीच दचकलो.

अमरधाम स्मशानभूमीत बौद्धाचार्यांनी त्रिशरण घेतलं, पंचशील घेतलं. आपण लहानपणापासून म्हणत आलोय, तोंड आपोआप चालतं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. माझ्या जिभेनं ते म्हटलं. आणि तेवढ्यात खिशात तुझा फोन थरथरला. मी बाजूला झालो, सगळ्यांना वाटलं रडायला गेलो. मित्राचा मेसेज होता. 'आत्या घसा कसा आहे? गरम पाणी पी. बाबांना मीठ टाकून द्यायला सांग.'

तुझ्या फोनचं लॉक मीच बसवून दिलेलं होतं. मी उघडला. मागे लाकडं रचण्याचा आवाज येत होता. मी लिहिलं, 'बरा आहे पोरी.' तू तिला पोरी म्हणतेस ते आठवून लिहिलं. पाठवलं. मग परत आलो आणि तुला अग्नी दिला.

अक्का, त्याच हातानं.

पुढचे दोन दिवस मी तू होतो. 'जेवलीस का', 'झोप नीट घे', 'उगाच फिरू नको'. एकदा तिनं लिहिलं, 'आत्या, तू बाबांसारखं काय बोलायला लागलीस?' आणि पुढे हसरा चेहरा. मी तो हसरा चेहरा कितीतरी वेळ बघत बसलो. तुझ्या खुर्चीत बसायची हिंमत नव्हती, म्हणून जमिनीवर बसलो होतो. वाटत होतं, तू मागून येऊन म्हणशील, 'दिल्या, हे काय चाललंय माझ्या फोनवर?' तशी यावीस असंही वाटत होतं, आणि आलीस तर मरेनच असंही.

फायनलच्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तो मेसेज आला. येणार हे मला माहीत होतं. आदल्या दिवसापासून मी त्याच एका गोष्टीला घाबरत होतो.

'आत्या, आज काय फोडायचं?'

माझ्या डोक्यात काही येईना. मला गणितातलं खोटं येत नाही. मला माणसांशीच बोलायचं खोटं येतं. हॉलमध्ये जायची तिची वेळ होत आलेली. आणि मग मला एकच विधान आठवलं, जे मला पाठ होतं. तूच दिलेलं. मी म्हटलं, हे अस्सल तुझं आहे, ह्यात तिला काही वास येणार नाही. लिहिलं: कोणत्याही चार सलग संख्या घे, गुणाकार कर, एक मिळव. नेहमी पूर्ण वर्ग येतो. फोड.

तिकडून लगेच एक अंगठा आला. मग काही नाही. मग 'थांब.' मग बराच वेळ वरती 'टाईप करत आहे' असं दिसत राहिलं आणि काहीच आलं नाही. शेवटी, 'फोन जमा करायला सांगताहेत.'

फायनलचे गुण नेटवर चालू असतानाच दिसतात. मित्रानं जायच्या आधी रेखाला लॅपटॉपवर ते पान लावायला शिकवलं होतं. जगभरातल्या पोरांच्या नावांची रांग, आणि प्रत्येकाच्या नावापुढे सुटलेल्या कोड्यांचे हिरवे चौकोन. आम्ही दोघं शेजारी बसलो. बाकीच्यांचे चौकोन हिरवे होत होते. आपल्या पोरीची ओळ रिकामी. अर्धा तास, पाऊण तास. रेखा म्हणाली, "तिला बरं नाही का हो?" मी म्हणालो, "अवघड असेल." 

तासाभरानं एक हिरवा आला. मग भराभर दोन. नंतर फोडायची वेळ सुरू झाली. हीच तिची वेळ, इथेच ती दहा-वीस जणांना मागे टाकते. ती वेळ सुरू झाली आणि संपली. मित्रानं कुणाचंच काही फोडलं नाही.

मला तेव्हाच कळलं, अक्का. काय कळलं ते शब्दांत आलं नाही.

फोन मिळाल्यावर तिनं मेसेज पाठवला. मला नाही. तुला.

'हे फुटत नाही. पहिली आणि चौथी संख्या गुण, त्यात एक मिळव. उत्तर त्याचाच वर्ग असतं. नेहमी. हे खरं आहे.'

खाली दुसरा.

'आत्या खरं कधीच पाठवत नाही.'

आणि मग नुसतं,

'बाबा?'

मी उघडून वाचलं होतं. तिच्या फोनवर निळ्या खुणा गेल्या असणार. मी वाचलं हे तिला कळलं, आणि मी उत्तर देत नाही हेही कळलं. तुझ्या फोनवरून 'हो' लिहिलं तर पुन्हा तेच. माझ्या फोनवरून लिहिलं तर ते वाक्य आलंच. रेखा म्हणाली, "मी सांगते तिला." मी म्हणालो, "थांब, मी करतो." आणि केला नाही. रेखानं लावला तेव्हा तिनं उचलला नाही. संध्याकाळी माझ्या फोनवर एक ओळ आली. 'घ्यायला येऊ नका. मुंबईहून टॅक्सीनं येते.'

त्या मेसेजपासून ती दारात येईपर्यंत मी काय काय कल्पना केल्या, ते तुला सांगत नाही. ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही, एवढी एकच साधी होती. बाकीच्या तुझ्या भाषेत कडेवर घेतलेल्या. पण ही एक भीती स्वतःच्या पायांनी चालत आली होती. तिला मी हाकलू शकत नव्हतो, कारण ती रास्त होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी थांबली. रेखा धावत गेली, दोघी गेटातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी ओसरीवर. मित्रा माझ्याजवळून गेली, चपला काढल्या, आणि जिना चढून वर. बॅग तशीच उंबऱ्यात.

मी जिना चढलो, अक्का. ह्या वेळी अर्ध्यातून परतलो नाही. का, ते मला माहीत नाही. खाली उभं राहण्याची भीती जास्त होती बहुतेक.

ती तुझ्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली होती, मी बसायचो तिथेच. खुर्चीवर तुझा फोटो. तिनं मागे बघितलं नाही.

"बाबा, सिद्धता एका मिनिटात झाली," ती म्हणाली. "हॉलमध्ये गेल्या गेल्या, पहिल्या कच्च्या कागदावर. एवढी सोपी आहे ती."

मी दारातच उभा होतो.

"मग मी तासभर ती चुकीची आहे का ते बघत बसले. शून्य घालून बघितलं. ऋण संख्या घालून बघितल्या. मोठ्या मोठ्या संख्यांसाठी प्रोग्राम लिहून चालवला, तिथे, फायनलमध्ये. समोर सिद्धता होती, तरी. कारण एकदा जरी फुटलं असतं ना, तर ते आत्यानं पाठवलेलं असतं." तिनं फोटोकडे बोट केलं. "तोपर्यंत ती होती, बाबा. मी शोधत होते तोपर्यंत."

अक्का, ज्यापासून तिला वाचवतो म्हणून मी हे सगळं केलं, ते तिनं त्या परक्या हॉलमध्ये, अनोळखी पोरांच्या मधे बसून, एकटीनं केलं. आणि तुझा चेहराही तिला बघायला मिळाला नाही. तिच्या हातात मी एक खरं विधान ठेवलं आणि तिला तुझ्या मरणाची सिद्धता करायला लावली.

मी खाली बसलो. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच.

"एक विधान द्या, बाबा."

"काय?"

"आत्या नाही. तुम्ही द्या. मी फोडते."

मला काय म्हणायचं आहे ते मला त्याच क्षणी कळलं. घोटून घोटून तयार झालेलं ते वाक्य होतं. सगळ्या नातेवाइकांना ऐकवलेलं.

मी म्हणालो, "मी हे सगळं तुझ्यासाठी केलं."

ती बघत राहिली. तुझ्यासारखी, डोकं जरा तिरपं करून.

"फुटलं," ती म्हणाली. "मी 'बाबा?' लिहिलं होतं. तेव्हा तर फायनल संपली होती."

एक उदाहरण. तू शिकवलंस तसंच. मी मान हलवली. त्यानंतर आम्ही दोघंही बरंच रडलो, आणि रेखा जिन्यात उभी राहून रडली. पण मिटलं असं नाही म्हणता येणार. ती तुझ्याच खोलीत झोपते. माझ्याशी कामापुरतं बोलते. मी दारावरून गेलो की तिचं बोलणं थांबतं, आणि त्या थांबण्याला मी दर वेळी घाबरतो.

एक गोष्ट मात्र मला सारखी पोखरते आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला विचारू? दवाखान्याच्या त्या फरशीवर तू मला खरं विधान का दिलंस? सगळ्या जगाला फुटणारी दिलीस. चुकून देणाऱ्यातली तू नव्हेस. मला आता वाटतं, सातवीतला दात वाजवणारा भाऊ समोर बसला होता आणि आत आई होती, तेव्हा तू त्याला धरायला एक अशी गोष्ट दिलीस जी त्याच्या हातून मोडणार नाही. मी मोडायला बघत राहीन तोवर माझी भीती तिकडे गुंतलेली राहील. आणि पुढे सगळी वर्षं 'फुटलं का रे' विचारलंस, तेव्हा तुला एवढंच ऐकायचं होतं का, की अक्का, हे फुटत नाही, हे खरं आहे? मी कधी कागद घेऊन दहा मिनिटं बसलो असतो तर तुला जिवंतपणी सांगू शकलो असतो. आता सांगतो. फुटत नाही, अक्का. पोरीनं सिद्ध करून दाखवलं. मला समजेल असं दोनदा समजावूनही सांगितलं. तेवढा वेळ ती माझ्या शेजारी बसली होती.

काल रात्रीच्या जेवणानंतर ताट उचलताना ती न बघता म्हणाली, "उद्या सकाळी नवीन द्या. आणि बाबा, ह्या वेळी नीट खोटं द्या."

रेखानं माझ्याकडे बघितलं. मी "देतो" म्हणालो. आवाज कापरा आला, पण आला.

आज उठल्यापासून तुझा फोन समोर ठेवून बसलोय. ती वर उठली आहे, बादली सरकवल्याचा आवाज आला. थोड्या वेळात ती जिना उतरेल आणि विचारेल. मला एक खोटं विधान हवं आहे, साधं, चौथीतल्या पोराला फोडता येईल असं. पण मनात एकच येतंय, आणि ते दोनच शब्दांचं आहे. अक्का गेली. मी ते सगळ्या बाजूंनी बघितलं. तुझी खुर्ची बघितली, जिना बघितला, फोन पुन्हा उघडून बघितला.

ते फुटत नाही.